मंडळाची छापील पत्रिका बंद करून सगळं मोबाइलवर न्यावं का? (बुद्धिबळ, परभणी जिल्हा)

हिशेबनीस, मानवत

आमचं बुद्धिबळ मंडळ परभणी जिल्ह्यातलं. सभासद सव्वाशेच्या आसपास. निम्मे परभणी शहरातले, बाकीचे सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी आणि आमच्या मानवतचे. मंडळाची एक त्रैमासिक पत्रिका आहे. ए-फोर कागद मधून दुमडून १६ पानं, दोन पिना, वर पिवळं कव्हर. ती मी काढतो. पोटापाण्याला जिनिंगवर हिशेब लिहितो. त्यामुळं कापसाचा हंगाम लागला की जानेवारीचा अंक फेब्रुवारीत निघतो, आणि त्यावरचे विनोदही दर वर्षी तेच असतात.

गेल्या बैठकीत कार्यकारिणीतली तरुण पोरं म्हणाली, सर, आता हे थांबवा. मुद्दा पैशाचा काढला. अंकामागं दीडेक हजार रुपये जातात: झेरॉक्स, कव्हर, टाचणी, आणि तालुक्याला गठ्ठे पाठवायचा खर्च. म्हणजे वर्षाला ६ हजार. वर्गणी माणशी ५० रुपये, ती निम्म्यांकडून येते. उरलेली तूट स्पर्धेच्या प्रवेश फीतून भरून निघते. पोरं म्हणायलेत, त्या तुटीत दर वर्षी डावाची वेळ मोजणारी एक-दोन डिजिटल घड्याळं येतील. गणित बरोबर आहे. मी ते दोनदा तपासलं, सवयच आहे.

दुसरा मुद्दा त्यांचा असा की तीन महिन्यांनी निकाल वाचून कुणाला काय मिळतं? शेवटची फेरी संपते न संपते तोच निकालाचा फोटो ग्रुपवर पडलेला असतो.

पडतो, हे खरं. पण कसा पडतो तेही सांगतो. भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याचा तिरपा फोटो, त्यात कुणाच्या तरी टोपीची कड. त्याखाली पन्नास अंगठे, चाळीस "अभिनंदन", मग कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं, मग कुणाला तरी जिंतूरला जायला गाडी पाहिजे असते. आठ दिवसांनी विचारा, १२ वर्षांखालच्या गटात तिसरा कोण आला होता? ज्यानं फोटो काढला त्यानंच मोबाइल भरला म्हणून गॅलरी साफ केलेली असते.

हे आजचंच आहे असंही नाही. आमच्यातल्याच एका पोरानं हौसेनं ऑर्कुटवर मंडळाची कम्युनिटी काढली होती. तिथं डावांवर फार चांगल्या चर्चा व्हायच्या, मी स्वतः रात्री सायबर कॅफेत बसून वाचायचो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्या काळातले पिवळे अंक मात्र माझ्या लोखंडी कपाटात आहेत. काहींना कसर लागली आहे, पण वाचता येतात.

आता पत्रिका वाचतं कोण? गंगाखेडला एक सलूनवाले सभासद आहेत. ते अंक क्लिपबोर्डला लावून आरशाशेजारी टांगतात. नंबर लागेपर्यंत गिऱ्हाईक "दोन चालींत मात"चं कोडं सोडवत बसतं. त्यातले दोघं पुढं सभासद झाले. परभणीच्या कोर्टात दोन वयस्कर वकील आहेत, त्यांना मोबाइलवरची आकृती दिसत नाही, कागदावरची दिसते. सेलूचा गठ्ठा एसटीनं जातो आणि स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर उतरतो. लोक तिथून आपापला अंक नेतात आणि जाता जाता एक डाव खेळतात. टपरीवाल्याला बुद्धिबळात काही रस नाही, पण गठ्ठा उशिरा आला तर पहिला फोन त्याचाच येतो.

माझी खरी अडचण मात्र यापेक्षा वेगळी आहे, आणि ती बैठकीत कुणाला नीट सांगता आली नाही. पत्रिकेत छापण्याजोगे डावच कमी होत चाललेत. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा एकदिवसीय, रॅपिड. रॅपिड म्हणजे खेळाडूला अख्ख्या डावाला १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी वेळ. या प्रकारात चाली लिहायची सक्ती नियमातच नाही. रविवारी सकाळी ९ वाजता ८० पोरं बसतात, संध्याकाळी ६ ला चषक वाटून घरी जातात, आणि दिवसभरात खेळलेल्या दोन-अडीचशे डावांपैकी एकही कुठं लिहिलेला नसतो. राहतात फक्त गुण. गुण छापायला पत्रिका लागत नाही, हे मीही मान्य करतो.

चाली लिहिल्या जातात त्या आमच्या वार्षिक अजिंक्यपदाला. ती लांब वेळेची स्पर्धा आहे. तिथले स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेले कागद, मी गोळा करतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत कलम ८.३ आहे: स्कोअरशीट ही आयोजकाची मालमत्ता. हे कलम वाचून दाखवल्याशिवाय काही लोक कागद सोडत नाहीत, हरलेले तर अजिबात नाहीत. त्या गठ्ठ्यातून तीन-चार डाव निवडायचे, दोन्ही खेळाडूंना फोन करून "इथं उंट का दिला?" विचारायचं आणि ते उत्तर त्यांच्याच शब्दांत छापायचं, हे पत्रिकेचं खरं काम.

तर विचारायचं असं: ज्यांच्या मंडळानं, तालमीनं किंवा क्लबानं छापील बंद करून ऑनलाइन केलं, त्यांच्याकडं हे काम पुढं कोण करतं? की ते थांबलं? खेळ कुठलाही असो. फक्त "काळाबरोबर चला" हे उत्तर नको, ते बैठकीत ऐकून झालं.

---

अडीच घर, नांदेड

काका, मी आमच्या क्लबचं इन्स्टाग्राम बघते, त्यामुळं मी विरुद्ध बाजूची. पण तिरप्या फोटोवर काय बोलणार, आमच्याकडंही तेच.

बातमी कागदावर चालत नाही, यात मात्र तुमच्या पोरांचंच खरं आहे. पुढच्या महिन्यात लातूरला स्पर्धा आहे, प्रवेशाची शेवटची तारीख अमुक, हे त्रैमासिकात छापून काय उपयोग? फिडेची मानांकन यादी (खेळाडूंच्या ताकदीचे आकडे) दर महिन्याच्या १ तारखेला येते. तुमचा अंक हातात पडेपर्यंत ती तीनदा बदललेली असते. मार्च २०२४ मध्ये फिडेनं किमान मानांकन १००० वरून १४०० केलं आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एका रात्रीत वर सरकले. तेव्हा आमच्या ग्रुपवर पालकांचे इतके फोन आले की आम्ही त्याच दिवशी समजावणारा व्हिडिओ टाकला. कागदावर ते एप्रिलमध्ये गेलं असतं.

निकालाच्या तक्त्यासाठी फोटो नकोच. स्पर्धा चेस-रिझल्ट्स या निकालांच्या वेबसाइटवर चढवा. फेरीनिहाय जोड्या, गुण, टायब्रेक (बरोबरी फोडायचे आकडे) सगळं राहतं आणि नावानं शोधता येतं. पंच जोड्या लावायला स्विस-मॅनेजर हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर वेगळं काही करावं लागत नाही.

डावांचं म्हणाल तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर "स्टडी" नावाची सोय आहे. एका स्टडीत ६४ प्रकरणं, म्हणजे ६४ डाव. प्रत्येक चालीखाली टिप्पणी लिहिता येते, पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. तुमचं वार्षिक अजिंक्यपद एका स्टडीत मावेल. पण तुम्ही विचारलंय की काम कोण करतं, तर खरं सांगते: आमच्याकडं कुणीच करत नाही. स्टडी उघडली, पहिले काही डाव टाकले, पुढं परीक्षा आल्या. इन्स्टाला मात्र कुणी ना कुणी असतंच, कारण तिथं फोटो टाकला की लगेच लोक बघतात. डाव टाकला तर बघणारे चार, त्यातला एक तो हरलेला.

---

खांब ते खांब, धाराशिव

खेळ कुठलाही चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मी खो-खोचा. आमच्या जिल्ह्यात खो-खोची बातमी लिहिणं हा अर्धा धंदा आणि अर्धी हौस आहे. सारिका काळे हिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडं जुनी कात्रणं काढून दाखवायची चढाओढ लागली होती.

आमच्याकडं पत्रिका कधीच नव्हती. होतं काय, तर मैदानावरून वर्तमानपत्राला जाणारी प्रेसनोट. "अमुकनं २ मिनिटं १० सेकंद संरक्षण करत आक्रमणात ३ गडी टिपले." या एका ओळीत खेळाडूचा अख्खा डाव असतो. आता निकाल ग्रुपवर येतो, पण कसा येतो? "आपल्या पोरी जिंकल्या 🔥🔥". वेळ गायब. कुणी किती पळालं ते गुणपत्रिकेत असतं आणि गुणपत्रिका ज्याच्या पिशवीत गेली त्याच्या पिशवीत गेली.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, सगळं थेट प्रक्षेपित झालं. त्या सामन्यांचं काही हरवणार नाही. हरवणार ते आमच्या आंतरशालेय स्पर्धेचं, जिथून या पोरी येतात.

मी काय करतो ते सांगतो, पटलं तर बघा. निकाल ग्रुपवर टाकायच्या आधी गुणपत्रिकेचा सरळ, वरून, उजेडात फोटो काढतो आणि तोच मजकूर टाइप करूनही टाकतो. टाइप केलेलं ग्रुपमध्ये शोधता येतं, फोटोतलं शोधायचं म्हणजे वैताग. वर्षअखेरीस त्याच ओळी एकाखाली एक लावून छापतो. ५० प्रती. शाळांना देतो, कारण मुख्याध्यापक लिंक उघडत नाहीत पण पुस्तिका टेबलावर ठेवतात, आणि शिक्षणाधिकारी आले की दाखवतात. मैदान आखायला चुना हवा असला तर ती पुस्तिका सोबत नेतो. आत्तापर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही.

---

अक्षरजुळणी, लातूर

माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं करतो. छापील बंद करा असं मी म्हणणार नाही, उघड आहे. पण हिशेबनीस, कपाटातल्या अंकांवर फार विसंबू नका.

तुमचे जुने अंक कशात जुळवलेत? पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. नव्या संगणकावर ती चालवायलाच कसरत. त्यात मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असणार. तो फॉन्ट नसला की फाइल उघडते पण "वजीर"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आकृत्याही फॉन्टमधूनच टाइप केलेल्या असतात, म्हणजे पट उघडावा तर त्यावर मोहऱ्यांऐवजी ए, बी, सी उभे. गिऱ्हाईक माझ्याकडं सीडी घेऊन येतात, फाइल शाबूत असते आणि वाचता काहीच येत नाही. ऑनलाइनवाले सर्व्हरच्या नावानं रडतात, छापीलवाल्यांच्या फाइली अशा घरातल्या घरात मरतात.

म्हणून पुढचे अंक युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरं) जुळवा. ज्याच्याकडून जुळवून घेता त्याच्याकडून पीडीएफ तर घ्याच, मूळ उघडी फाइलही घ्या. द्यायला काचकूच करतात, मीही करायचो. पीडीएफ मजकुराची असावी. छापलेल्या पानाचा स्कॅन म्हणजे पुन्हा फोटोच.

कागदाचं म्हणाल तर झेरॉक्स टिकते. टोनर म्हणजे उष्णतेनं कागदावर चिकटवलेलं प्लास्टिकच, ते पाण्यानं पसरत नाही. इंकजेटच्या प्रिंटला थेंब लागला की संपलं. वृत्तपत्राचा कागद लाकडातल्या लिग्निनमुळं पिवळा पडतो, तुमचा ए-फोर त्या मानानं बराच टिकेल. कसर लागली म्हणालात, तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. ओल भिंतीतून येते.

आणि प्रत्येक डावाशेजारी क्यूआर कोड टाका. वर नांदेडच्या ताईंनी सांगितलेल्या स्टडीची लिंक त्यात बसते. सलूनमधलं गिऱ्हाईक डाव तिथल्या तिथं मोबाइलवर फिरवून बघेल. क्यूआरला जास्तीचा खर्च शून्य.

---

पटाबाहेरची आई, जालना

मी खेळत नाही, मुलगी खेळते. वय ११. थोडंच लिहिते.

एका स्पर्धेनंतर तिचा रडतानाचा फोटो, नाव, शाळा, वय असं सगळं एका पानावर आलं. हेतू वाईट नव्हता, "हरूनही लढली" वगैरे लिहिलं होतं. पण शाळेत तो फोटो वर्षभर फिरत राहिला. काढायला सांगितलं तर काढलाही, तोवर इतर ग्रुपवर गेलेला. तोच मजकूर तुमच्या १२० प्रतींच्या पिवळ्या अंकात आला असता तर मला काही वाटलं नसतं. तो वाचणारे बुद्धिबळाचे असतात, त्यांना हरणं म्हणजे काय ते माहीत असतं.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. स्पर्धेच्या फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा: नाव निकालात चालेल का, फोटो चालेल का. आम्ही पहिलीवर खूण करू, दुसरीवर नाही. शाळेचं नाव तर कुठंच नको. आणि डावावर टिप्पणी लिहिताना मुलांनाही फोन करत असाल तर आधी आई-बापांना करा. माझ्या मुलीला मात्र कुणी "इथं उंट का दिला" असं विचारलं तर ती अर्धा तास सांगेल, ते वेगळं.

---

हिशेबनीस, मानवत

सगळ्यांचे आभार. जालन्याच्या ताईंचं आधी: मुलांच्या डावात आम्ही आडनाव आणि गाव एवढंच छापतो. आता तेही विचारून छापू. चौकटी पुढच्या फॉर्मपासून येतील, त्यासाठी बैठक घ्यायची गरज नाही.

निकाल, तारखा, मानांकन हे सगळं कागदावरून काढायला मी तयार आहे. १६ पैकी पाच पानं तिकडंच जायची. ती पानं गेल्यावर अंक १२ पानांचा होईल आणि एक ए-फोर कागद वाचेल. १२० प्रतींना चौथा हिस्सा कागद कमी म्हणजे पोरांच्या घड्याळाचा पट्टा तरी निघेल.

पण नांदेडच्या ताई, तुमच्या उत्तरातलं मला सगळ्यात पटलं ते "पुढं परीक्षा आल्या". आमच्याकडंही कापूस येतो. तरी अंक निघतो, उशिरा का होईना, कारण सलूनवाला फोन करतो, टपरीवाला फोन करतो, आणि मागच्या अंकातल्या कोड्याचं उत्तर या अंकात द्यायचं असतं. ते थांबवून ठेवलं की लोक भांडायला येतात. स्टडी अर्धी राहिली तर तुम्हाला कुणी फोन केला का?

मृत्युलेखाचं पान मात्र कागदावरच राहील. त्यावर मी ऐकणार नाही. सभासद गेला की त्याचा एक जिंकलेला डाव आणि चार ओळी छापतो, घरचे ते पान लॅमिनेट करून ठेवतात. "भावपूर्ण श्रद्धांजली" असे शंभर मेसेज आलेले असतात, पण त्यात डाव नसतो.

---

अडीच घर, नांदेड

नाही केला, कुणीच नाही. 🙂

पण काका, हे कागदामुळं होतं असं मला वाटत नाही, अंकामुळं होतं. मार्क क्राऊदर हा ब्रिटिश माणूस सप्टेंबर १९९४ पासून "द वीक इन चेस" ऑनलाइनच चालवतो. दर सोमवारी अंक, अंकाला क्रमांक, त्यात जगभरच्या स्पर्धांचे डाव पीजीएन (चाली साठवायची) फाइलमध्ये, कुणीही उतरवून घ्या. माझे कोच अजूनही सोमवारी संध्याकाळी पहिलं तेच उघडतात. कागदाचा संबंध नाही, पण वार ठरलेला आहे आणि क्रमांक चुकला की लोक विचारतात. आमच्या इन्स्टाला ना वार ना क्रमांक.

मी असं करते: तुम्ही निवडलेल्या डावांचे स्कोअरशीट वरून फोटो काढून पाठवा, मी पीजीएन करून देते. अंकाच्या आधी. तारीख तुम्ही द्या आणि फोनही तुम्हीच करा, नाहीतर पुन्हा परीक्षा येतील. बदल्यात पिवळ्या अंकाच्या १० प्रती नांदेडला. आमच्या हॉलमध्ये पालक तीन-तीन तास बाहेर बसलेले असतात, त्यांना कोडी देता येतील.

---

हिशेबनीस, मानवत

१० नाही, २५ पाठवतो. नांदेडची एसटी आहेच, कोणत्या स्टँडवर कोण उतरवून घेईल तेवढं कळवा. तारीख: दर तिमाहीच्या दुसऱ्या महिन्याची १५. जानेवारीचा अंकही यात बसतो, म्हणजे यापुढं तो उशिरा नसेल, फेब्रुवारीचाच असेल.

लातूरकर, जुन्या फाइली पेजमेकरच्याच आहेत, पेनड्राइव्हवर. फॉन्टचं नाव आठवत नाही. पाठवल्या तर काही होईल का? खर्च आधी सांगा, बैठकीत मांडावा लागेल.

---

अक्षरजुळणी, लातूर

पाठवा. सोबत त्याच काळातला एक छापील अंकही पाठवा, अक्षराचं वळण बघून फॉन्ट ओळखता येतो. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड होईल, पण र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हातानं तपासावी लागतील, ते तुमच्याकडं. आकृत्या कन्व्हर्ट होत नाहीत, त्या डावांवरून नव्यानं काढाव्या लागतील. एका अंकाचं करून बघू, त्याचे पैसे नकोत. बाकीच्यांचा दर ते बघूनच सांगेन.

पेनड्राइव्ह एसटीनं पाठवू नका. कुरिअर करा.